व्हल्याची मान

तीर्थपुरीच्या बाजारात एखादी बाई चाकू बघायला वाकली, की दुकानदाराचा हात आपोआप विळीकडं जातो. केशरबाईच्या बाबतीतही तेच झालं.

"घ्या मावशी, बसून कापायची. मेथी म्हणा, कांदा म्हणा, बघायचं काम न्हाई."

"विळी हाय माझ्याकडं. मला मिटायचा चाकू दाखव. खिशात ठेवायचा."

"मालकासाठी का?"

"मालकाला खिसा हाय, पण चाकू कळत न्हाई. माझ्यासाठी पाह्यजे."

मालक म्हणजे तातेराव. ते मागं पिशवी धरून उभे होते. पिशवीत मेथी, डोक्याला टोपी आणि चेहऱ्यावर, आपण या बाईचे कुणीच लागत नाही असा भाव. पण दुकानदार त्यांच्याकडंच बघायला लागला, तेव्हा त्यांना तोंड उघडावं लागलं. "बराबर बोलून राह्यली ती," ते म्हणाले. "दाखव."

ताडपत्रीवर कुलपं, बॅटऱ्या, कात्र्या, कंगवे मांडले होते आणि त्यांच्या मधोमध चाकूंचा ढीग. दुकानदारानं त्यातला सगळ्यात झगझगीत उचलला. मुठीवर वाघाचं चित्र. दुसरा त्याहून भारी. त्यात कात्री, बाटलीचं झाकण काढायचं, नखं घासायचं, दात कोरायचं, सगळं एकाच पोटात.

"लाकूड कोरायचंय मला," केशरबाई म्हणाली. "दात न्हाई."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. बाई चाकू घ्यायला बसलीय म्हटल्यावर तेवढे थांबलेच होते. केशरबाईनं त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ती उकिडवी बसली आणि एकेक चाकू उघडायला लागली. उघडायचा, मूठ धरायची, पात्याच्या वाटेतून बोटं बाजूला घ्यायची आणि पात्याची पाठ शेजारच्या फळीवर टेकवून हळू दाबायची. वाघवाला चाकू पहिल्याच दाबाला मिटला.

"हे पाह्य," ती म्हणाली. "लाकडात टोक अडकलं, मी जोर केला अन् ह्यो असा मिटला, तर पातं कुठं येणार? माझ्या बोटावर. ह्याला खटका न्हाई. ठेव."

"मावशी, सगळे असेच येतात आजकाल."

"सगळे असेच येतात, म्हणून लोकांची बोटं बी तशीच जातात."

पुढच्याला खटका होता, पण पातं मुठीत डावी-उजवीकडं डुलत होतं. म्हाताऱ्याचा दात हलला तरी काही दिवस भाकरी चावता येते, पातं हललं की संपलं. तोही गेला. एकाला करवतीसारखे दात. एकाचं पातं वीतभर लांब. लांब पातं धाक दाखवायला ठीक आहे, कोरणाऱ्याला आखूडच लागतं, कारण टोक जितकं हातापासून लांब तितकं ते आपल्या मर्जीनं चालतं.

ढिगाच्या तळाशी एक शिसवी मुठीचा सापडला. पातं चार बोटांएवढं, साधं, वर थोडा गंज. उघडला तर खटका 'खट्' करून बसला. फळीवर दाबला, हलला नाही. मूठ गोल, कुठं कड टोचत नाही, पकडल्यावर हातात नीट भरली.

"ह्यो जुना माल हाय," दुकानदार म्हणाला. "गंजतो. बिनगंजाचा देऊ का?"

"गंज तेलानं जातो. धार धरली पाह्यजे." तिनं अंगठा धारेवरून नाही, धारेच्या आडवा हलकेच फिरवला. "ह्यो दे."

"मावशी, कुणी शिकवलं तुम्हाला एवढं?"

केशरबाईनं चाकू मिटला. "भावानं," ती म्हणाली, आणि दुकानदारानं जो भाव सांगितला तो मुकाट्यानं देऊन उठली. तातेराव दचकले. लग्न झाल्यापासून या बाईनं बाजारात घासाघीस न करता काही घेतल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. भाव न करण्याइतकं मनात काय चाललंय, हे त्यांना कळलं.

केशरबाईचं माहेर धावडा. जिल्हा एकच, पण धावडा वरच्या टोकाला भोकरदनच्याही पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला. आणि तीर्थपुरी खाली, गोदावरीच्या अंगाला, ऊस-मोसंबीच्या मुलखात. तिथली माती लाल, इथली काळी. तिथं ज्वारी राखायला पोरंसोरं माळ्यावर बसायची. केशर आणि तिचा थोरला भाऊ सोमेश्वर यांचं अर्धं बालपण त्या माळ्यावर गेलं. चार दांडकी, वर फळ्या, त्यावर दोघं. खाली कणसात आलेली ज्वारी आणि तिच्यावर टपलेली पाखरं. केशर गोफण फिरवायची, डबा बडवायची, घसा बसेपर्यंत ओरडायची. सोमेश्वर मात्र मांडीशी लाकडाचा ठोकळा घेऊन कोरत बसायचा. दिवसभर ज्या पाखरांना हाकलायचं, तीच पाखरं तो लाकडात बसवायचा. साळुंकी, टिटवी आणि त्याचा हातखंडा म्हणजे व्हला. होला म्हणतात शहरात त्याला, कबुतरापेक्षा लहान, गळ्यावर ठिपके. सोमेश्वरचा व्हला पोटावर बसलेला असायचा आणि मान एका बाजूला वळवलेली, जणू काय कुणी हाक मारलीय आणि तो ऐकतोय.

आईला कळलं असतं तर दोघांनाही फटके पडले असते. पोरीच्या हाती विळी चालते, खुरपं चालतं, ऊस तोडायचा कोयता चालतो. चार बोटांचा चाकू म्हटला की सगळ्यांना एकदम काळजी वाटते तिच्या बोटांची. सोमेश्वरनं तसलं काही मानलं नाही. त्यानं तिला चाकू दिला आणि सोबत दम दिला. पातं नेहमी आपल्यापासून लांब ढकलायचं. लाकूड मांडीवर नाही, फळीवर टेकवायचं. मांडीत मोठी शीर असते, ती तुटली तर गावात पोचेपर्यंत माणूस उरत नाही. हात लांब करून पातं जिथवर पोचेल तिथवर कुणी बसलेलं नको. बोथट चाकूला भिऊन राहायचं, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोरानं सुटलेलं पातं कुणाचंच ऐकत नाही. मिटताना बोटं खाचेत ठेवायची नाहीत, पाठ तळहातानं दाबायची. आणि राग आला की कोरायचं थांबवायचं.

"आन मला राग सारखाच येतो," केशर म्हणायची.

"मंग गोफण फिरव, केशे," सोमेश्वर म्हणायचा. तिला केशे म्हणणारा जगात तेवढा एकच माणूस.

तो माणूस तिच्याशी बोलायचा बंद झाला, त्याला कारण जमीन.

या भागात बहिणीच्या हिश्श्याचा विषय निघाला की शहाणीसुरती माणसं एकदम बहिरी होतात. बाप गेला की दिवस होतात न होतात तोच भावकीतला कुणीतरी पुढं येतो. बहिणीला लुगडं नेसवायचं, गाडीत बसवायचं, कचेरीत न्यायचं, सही घ्यायची. याला हक्कसोड म्हणतात. सोडलं तर ती घरची लक्ष्मी, नाही सोडलं तर हावरट. कायदा काय म्हणतो हे सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणून तर सही लागते!

वडील, आप्पा, गेले तेव्हा केशरबाईसाठीही दारात जीप उभी राहिली. खाटेवर नवं लुगडं ठेवलेलं. सोमेश्वर म्हणाला, "चल, सही करून येऊ. दुपारपर्यंत परत येऊन जेवू." ती म्हणाली, "न्हाई." कुणाला खरं वाटलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा वाटलं.

तिला जमीन कसायची नव्हती. विकायची तर त्याहून नव्हती. पण उताऱ्यावर आप्पांच्या खाली तिचं नाव चढलं होतं आणि ते नाव तिनं बोट ठेवून वाचलं होतं. एवढ्या आयुष्यात कुठल्या तरी कागदावर ती कुणाची तरी बायको म्हणून नाही, तर आप्पांची लेक म्हणून होती. ते खोडायला तिचा हात उचलेना. "पीक तूच खा," ती सोमेश्वरला म्हणाली. "मला एक दाणा नको. नाव राहू दे." सोमेश्वर म्हणाला, "मंग तू नावालाच बहीण." लुगडं खाटेवर तसंच राहिलं आणि केशरबाई न जेवता तीर्थपुरीला परत आली.

तेव्हापासून त्या शेतातलं तिनं बोराएवढंही काही घेतलं नाही. कुणी बोलावलंही नाही. भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. केशरबाई भाऊ असून अंगणात उभी राहून चंद्राला ओवाळायची, आणि तातेराव शेजारी उभे राहून म्हणायचे, "चंद्राला तरी जमीन मागू नको बाई, तो बी ढगाआड जाईल." ती हसायची. तातेरावांना ठाऊक होतं, हसली नाही तर रडेल.

यंदा जालन्याला एका लग्नात चुलत भावाची मुलगी मीना भेटली. तिनं जेवता जेवता सांगितलं. "सोमेश्वरकाकाचं कळलं का, आत्या? हात लई थरथरतात. कंपवात म्हणून सांगितलं डॉक्टरनं. कपातला चहा बशीत अन् बशीतला अंगावर. पोरानं चाकू काढून घेतला त्यांचा, उगं इजा नको म्हणून. आता नुसते बसून राह्यतात. अन् अंगठा असा बोटावर घासत राह्यतात सारखा, जसं काही कोरूनच राह्यले."

केशरबाईच्या पानातला भात तसाच राहिला.

त्यानंतर आठवड्याच्या बाजारी ती चाकू घ्यायला उभी राहिली. बेत साधा होता. बोलायला तोंड नव्हतं, माफी मागायची नव्हती, कारण चुकलं असं तिला वाटतच नव्हतं. सहीही करायची नव्हती. तर मग जायचं काय घेऊन? एक व्हला घेऊन. त्याच्या हातातून जो सुटला, तो आपल्या हातानं करून त्याच्यापुढं ठेवायचा. पुढं त्याचं तो बघेल.

गंज तेलानं काढला, दगडावर धार लावली, तातेरावांच्या जुन्या चामडी पट्ट्यावर पातं घासून घासून वरची खरखर घालवली. पट्टा गेला म्हणून तातेराव दोन दिवस करगोट्याचा धागा दाखवत फिरले. लाकूड पांगऱ्याचं. उसापलीकडच्या कुंपणाला पांगरा होता. हलकं, मऊ, चुलीत घातलं तर नुसता धूर, म्हणून त्याला कुणी विचारत नाही; पण ओलं असताना चाकूला लोण्यासारखं. वाळक्या बाभळीला मिटायचा चाकू लावणारा आधी चाकू घालवतो, मग बोट. अंगठ्यावर तिनं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि अंगणात फळी टाकून बसली.

"इकडून जाऊ का?" तातेराव विचारायचे.

"हातभर लांबून जा."

"चाळीस वर्षं हातभर लांबूनच चाललोय."

पोट जमलं. शेपूट जमली. पाठीवरची पंखांची रेघ बरी आली. पण मान वळवायला घेतली, की मोडायची. एक मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या वेळी ती फार सावकाश गेली, श्वास धरून, आणि मान जवळजवळ झालीच होती, तेवढ्यात तिला ते खाटेवरचं लुगडं आठवलं. नावालाच बहीण! हात जड झाला, पातं सटकलं आणि ट्यूबच्या वरच्या बाजूनं अंगठा चिरला. व्हल्याचं डोकं उडून कोंबड्यांत पडलं.

तातेरावांनी हळद आणली, फडकं बांधलं. "राग आला व्हता का?"

"व्हय."

"मंग थांबायचं न्हाई का? तूच सांगतेस ना मला, राग आला की थांबायचं म्हणून?"

मोडक्या मानेची सगळी पाखरं तिनं फडक्यात बांधली, चाकू मिटून चिंधीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला आणि सकाळच्या जीपनं निघाली. व्हला घेऊन जायचं जमलं नाही. पण मान का मोडते हे विचारायला तरी जाता येत होतं, आणि ते विचारायला दुनियेत दुसरं कुणी नव्हतं.

घनसावंगीवरून जालना, जालन्याहून भोकरदन, तिथून धावड्याची गाडी. भोकरदन सुटल्यावर डोंगराची रेघ दिसायला लागली आणि तिनं खिडकीची काच सरकवली. वारा तसाच होता. ओळखीचं एकही माणूस गाडीत नव्हतं, आणि तिला मात्र वाटत होतं की सगळे आपल्याकडंच बघून राह्यलेत, ही बघा, आली हिस्सेवाली.

दारात वहिनी होती, नंदाबाई. हातात झाडू. तिनं केशरबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या," ती म्हणाली. "वाट सापडली का?"

"वाट तिथंच व्हती, वैनी. मीच न्हाई आले."

"उताऱ्यावर नाव शाबूत हाय का बघायला आल्या असाल. हाय. कुणी खोडलं न्हाई."

"ते मला मोबाइलवर बी दिसतं. दादाला बघायला आलेय."

नंदाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. "बघा. लिंबाखाली बसलेत," ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली. तांब्या मात्र घासूनपुसून लख्ख भरून आणला.

सोमेश्वर खाटेवर बसला होता. केशरबाईच्या मनातला सोमेश्वर माळ्यावरचा होता. हा वाळून गेला होता. चेहरा ताठ, लाकडी, त्याच्यावर काही उमटतच नव्हतं, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटावर घासत होता, मीनानं सांगितलं होतं तसा. त्यानं तिला पाहिलं. ओळखलं की नाही, आनंद झाला की राग आला, काही कळायला मार्ग नव्हता. त्या दुखण्यानं चेहऱ्यावरचं सगळं पुसून नेलं होतं.

ती खाली बसली. फडक्याची गाठ सोडली आणि पाखरं खाटेवर मांडली. एकाला डोकंच नाही, एकाचं अर्धं, एकाचं वेगळं आणलेलं.

सोमेश्वरची नजर एकेका पाखरावरून फिरली. मग आवाज आला, बारीक, आतून.

"कोंबडे हायेत का हे?"

"व्हले हायेत."

"कापलेले कोंबडे दिसून राह्यलेत."

केशरबाईला हसू आलं. "मान मोडती, दादा. कितीबी हळू गेलं तरी मोडती."

"चाकू कोणता?"

तिनं पिशवीतून चिंधी काढली. तेवढ्यात आतून नंदाबाई धावत आली. "न्हाई हां! चाकू द्यायचा न्हाई त्यांना! न्हाई दिला तर माझ्यावर डोळे काढतात, अन् दिला तर रगत मलाच पुसावं लागतं. तुम्ही जाल गाडीत बसून!"

तिचं खोटं नव्हतं. रोज तोंडाशी कप धरणारी तीच होती. केशरबाई थांबली. मग तिनं मिटलेला चाकू खाली जमिनीवर ठेवला, खाटेच्या पायाशी. आपल्याकडं चाकू कुणी हातातून हातात देत नाही. दिला की भांडण होतं म्हणतात. एकानं खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा.

सोमेश्वर वाकला. हात खाली गेला आणि चाकूच्या आजूबाजूला मातीवर नाचत राहिला. बोटं चाकूपर्यंत जायची आणि बाजूला पडायची. दोघी बायका बघत होत्या आणि दोघींनाही बघवत नव्हतं.

"उचलत न्हाई," तो म्हणाला. "हातात दे."

"दादा, हातात कसा..."

"भांडण तर होऊन गेलं आपलं. आता आन काय व्हायचं राह्यलं?"

नंदाबाई एक पाऊल मागं सरली. केशरबाईनं चाकू उचलला आणि मिटलेलाच त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं दुसऱ्या हातानं तो हात धरला, खाटेच्या लाकडाला मूठ टेकवली आणि वेळ लावून पातं उघडलं. खटका बसला. पात्याची पाठ त्यानं खाटेच्या कडेला दाबून बघितली. डावीकडं, उजवीकडं हलवून बघितलं.

"बरा निवडला," तो म्हणाला.

मग त्यानं एक बिनडोक्याचा व्हला जवळ ओढला आणि पातं लाकडाला लावलं. पातं लाकडावर टकटक वाजायला लागलं. कोरलं काहीच गेलं नाही. तो थांबला. परत लावलं. परत तीच टकटक. त्याचे डोळे मात्र पात्यावरच होते. केशरबाईनं हे डोळे माळ्यावर पाहिले होते. सगळं शेत पाखरांनी उठवून नेलं तरी हलायचे नाहीत.

"मिटतो," तो शेवटी म्हणाला. त्यानं खटका दाबला, आणि केशरबाईला दिसलं की त्याची तीन बोटं मुठीच्या खाचेत आहेत, बरोबर पात्याच्या वाटेत. तिचा हात पुढं झेपावला, पण तिनं तो जागीच आवरला. उघडा चाकू धरलेल्या हातावर झडप घालायची नसते. दोन हात एका चाकूवर आले की रक्त ठरलेलं.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "बोटं काढ. तळहातानं दाब."

त्यानं खाली बघितलं. बोटं एकेक करून बाहेर आली. पातं तळहाताखाली मिटलं.

नंदाबाई जोरात म्हणाली, "चहा टाकते. साखर कमी घेतात का तुमच्या तिकडं?"

"तुम्ही द्याल तेवढी घेईन, वैनी."

चहा झाला. सोमेश्वरला नंदाबाईनं पाजला. मग त्यानं मोडकी मान बोटानं ढकलली. "लाकूड सरळ घेतलंस तू. सरळ लाकडाच्या रेषा सरळ जातात. मान वळवलीस की रेषा आडव्या तुटतात, मंग मोडणार न्हाई तर काय. मान कोरायची नसते. झाडानं केलेली शोधायची असते. जिथं फांदी फुटती ना, तिथं रेषाच वळती. तो फाटा घ्यायचा. खोड म्हणजे पोट, फांदी म्हणजे मान."

"तू मला कधी सांगितलं न्हाई हे."

"लाकूड मीच आणून देत व्हतो तुला. तुला वाटलं लाकूड तसंच येतं."

असं म्हणून तो उठायला लागला. नंदाबाई म्हणाली, ऊन आहे. तो म्हणाला, असू दे. मग तिनंच काठी आणून दिली आणि आप्पांच्या शेताच्या बांधावरच्या पांगऱ्यापर्यंत दोघं भाऊबहीण चालत गेली. वाट थोडी, पण त्याचं पाऊल अडायचं, सुटायचं, परत अडायचं, आणि केशरबाईला ती वाट तशीच लांबत राहिली तरी चाललं असतं.

पांगरा लालभडक फुलला होता. पान एक नाही. वर साळुंक्यांचं भांडण चालू. फाटा त्यानंच काठीनं दाखवला, मनगटाएवढी फांदी, आणि तिला अगदी व्हल्यासारखं वळण. केशरबाई मात्र बांधाच्या अलीकडं उभी. सहीसाठी जीप आली त्या दिवसानंतर तिचा पाय या मातीला लागला नव्हता.

"तोडू का?" तिनं विचारलं.

"मला कामून विचारतीस? उताऱ्यावर तुझं नाव हाय की."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. टोमणा होता का कबुली होती? चेहरा लाकडाचा. तिला राग येता येता राहिला, आशा वाटता वाटता राहिली. ती तशीच उभी राहिली, आणि सोमेश्वरनं काठीचा आकडा फांदीत अडकवून फांदी तिच्या बाजूला खाली ओढली. फांदी थरथरत होती. फुलं गळून दोघांच्या डोक्यावर पडत होती.

"जल्दी कर," तो म्हणाला. "हात भरून आला माझा."

ती बांध ओलांडून आत गेली. पिशवीतून चाकू काढला, तेवढ्यात मागून नंदाबाई कोयता घेऊन आली. "त्या एवढ्याशा चाकूनं काय फांदी तुटती का? घ्या." आणि कोयता तिनं बांधावर ठेवून दिला. "मी हातात न्हाई देत हं. आपलं भांडण अजून व्हायचंय."

"करू की," केशरबाई म्हणाली. "बसून करू निवांत."

संध्याकाळची गाडी होती, म्हणून ती जेवून निघाली. राहा म्हणून कुणी म्हणालं नाही, तिनंही वाट बघितल्यासारखं केलं नाही. सहीचं कुणी काढलं नाही. दिवसभरात सोमेश्वरनं तिला एकदाही केशे म्हणून हाक मारली नव्हती. गाडीपर्यंत तो आला नाही, त्याला येता येण्यासारखंही नव्हतं. दारातून एवढंच म्हणाला, "ओल्या फडक्यात ठेव. वाळू देऊ नको. मान झाली की दाखवायला आण."

"बोलावशील तर येईन."

"हे काय करून राह्यलो मंग?" तो म्हणाला.

तीर्थपुरीला आल्यावर केशरबाईनं फाटा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवला. रोज सकाळी, डोकं थंड असताना, थोडं थोडं कोरायची. मनात वहिनीचा शब्द आला, की चाकू मिटून उठायची, भांडी घासायची, परत बसायची. रेषा खरंच वळत होत्या. पातं त्यांच्या मागनं गेलं की लाकूड आपणहून वाट द्यायचं. पोट झालं, मान झाली. ती मोडली नाही. व्हला एका बाजूला डोकं वळवून बसला.

तातेरावांनी तो उचलून उन्हात धरला. "झाला की. सुंदर झाला." मग निरखून म्हणाले, "चोच राह्यली."

केशरबाई पिशवी भरत होती. लुगडं, औषधाची पुडी, चिंधीत गुंडाळलेला चाकू.

"राह्यली न्हाई," ती म्हणाली. "ठेवली. चोच तिथं बसून करायची."